माइनस्वीपर: डाव्या कडेच्या घरांत आकडे जास्त का येतात?

खतावणी

नमस्कार मंडळी. बँकेतून निवृत्त झालोय, आणि नातीच्या अकरावीच्या पुस्तकावरून पायथन ही संगणकाची भाषा शिकतोय. शाखेत विंडोज ९५ चं यंत्र आलं तेव्हा जेवणाच्या सुट्टीत साहेबांची नजर चुकवून माइनस्वीपर खेळायचो, म्हणून तोच करायला घेतला. लपलेले सुरुंग टाळत घरं उघडायची, आणि उघडलेल्या घरातला आकडा शेजारच्या घरांत मिळून किती सुरुंग आहेत ते सांगतो. तेव्हा सोपा डाव ८×८ चा असायचा, पुढच्या विंडोजमध्ये ९×९ झाला. मी ९×९ घेतलाय, सुरुंग १०.

फोनवरून लिहितोय, त्यामुळे कोड शब्दांतच सांगतो. फळा म्हणजे लिस्टच्या आत लिस्ट. सुरुंग असेल तर १, नसेल तर ०. ओळी ० ते ८, रकाने ० ते ८. प्रत्येक घरासाठी दोन लूप (पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या सूचना), दोन्ही -१, ०, +१ असे फिरतात. मधलं घर सोडायचं आणि बाकी आठांची बेरीज करायची. कडेला आलं की ‘लिस्ट इंडेक्स आउट ऑफ रेंज’, म्हणजे त्या क्रमांकाचा (इंडेक्सचा) घटक लिस्टमध्ये नाही, अशी एरर यायची. म्हणून प्रत्येक शेजारी बघताना ट्राय-एक्सेप्ट लावलं: एरर आली तर तो शेजारी सोडून द्यायचा. एरर गेली.

पण आता आकडे जुळत नाहीत. ओळ ४, रकाना ० या घरात २ आलाय. त्याचे पाचही शेजारी उघडून पाहिले, सुरुंग एकच, (३,१) मध्ये. उजव्या कडेला आणि तळाला मात्र सगळं चोख. निम्म्या फळ्यावर बरोबर आणि निम्म्यावर चूक, हे मला पटत नाही. चूक असेल तर सगळीकडे असायला हवी ना?

दुसरं म्हणजे, कधी कधी मोजले तर सुरुंग दहाऐवजी नऊच भरतात. ओळ आणि रकाना रँडिंटने (दिलेल्या मर्यादेतला कुठलाही आकडा देणारं फंक्शन) काढतो, दहा वेळा.

शून्यापासून

काका, फळा न बघता सांगतो: (३,८), (४,८), (५,८) यांपैकी एका घरात सुरुंग असणार. बघा बरं.

पायथनमध्ये लिस्टचा -१ वा घटक म्हणजे शेवटचा घटक. तुम्ही रकाना ० च्या डावीकडे गेलात की इंडेक्स -१ होतो. पायथन कुरकुर न करता रकाना ८ मधली किंमत देतो. वरच्या ओळीचंही तेच, ती तळाच्या ओळीत डोकावते. उजवीकडे इंडेक्स ९ होतो, तो अस्तित्वात नाही, म्हणून तिथेच एरर येते. तुमचं ट्राय-एक्सेप्ट म्हणजे पुढच्या दारात बसवलेला राखणदार, आणि मागचं दार सताड उघडं. म्हणून निम्मा फळा बरोबर.

ट्राय-एक्सेप्ट काढूनच टाका. शेजाऱ्याकडे बघण्याआधी विचारा: ० ≤ ओळ < ९ आणि ० ≤ रकाना < ९ आहे का? पायथनला ही जोडतुलना अशीच लिहिलेली चालते.

हेच जावास्क्रिप्टमध्ये केलं असतं तर -१ ला ‘अनडिफाइंड’ (किंमतच नाही) मिळालं असतं, आणि सी भाषेत शेजारच्या मेमरीत जे पडलंय ते.

रिकामा_रकाना

निदान बरोबर, पण मी तपासणी लिहीत बसत नाही. फळाच ११×११ चा करायचा, चारी बाजूंना एकेक रिकामी पट्टी. खेळ १ ते ९ मध्ये, पट्टीत कायम ०. मग कुठल्याही घराला आठ शेजारी असतातच, आणि ‘कडेला आहे का’ हा प्रश्नच उरत नाही. ८१ ऐवजी १२१ घरं लागतात. तज्ज्ञ पातळीच्या १६×३० ला ४८० ऐवजी ५७६. आजच्या यंत्राला काही वाटत नाही.

आणि नऊ सुरुंगांचं: रँडिंटला आधी काय काढलं ते आठवत नाही. तेच घर पुन्हा आलं की सुरुंगावर सुरुंग. ८१ घरांत दहा वेळा असं काढलं तर शंभरातल्या सुमारे ४४ डावांत निदान एक घर दुबार येतंच. तज्ज्ञ पातळीच्या ४८० घरांत ९९ सुरुंग असे टाकायला गेलात तर सरासरी नऊ-दहा सुरुंग बुडतील. रँडम.सँपल वापरा: सगळ्या घरांची यादी द्या, दहा मागा, पुनरावृत्ती होत नाही.

खतावणी

शून्यापासून, (५,८) मध्ये होता! मी तिकडे बघायचा विचारही केला नव्हता.

रिकामा_रकाना यांची पट्टी घेतली. कागदावर समास सोडायची सवय आहेच. पण नुसतं ‘आता बरोबर दिसतंय’ यावर माझं भागत नाही, मला ताळा लागतो. तो असा बसवला: मधला सुरुंग आठ घरांत मोजला जातो, कडेचा पाच, कोपऱ्यातला तीन. सुरुंगाच्या घरातसुद्धा आकडा ठेवला, तर सगळ्या फळ्याची बेरीज आधीच सांगता येते. माझ्या त्याच फळ्यावर ६ मधले, ३ कडेचे, १ कोपऱ्यातला: ४८ + १५ + ३ = ६६. जुना प्रोग्रॅम ७२ देत होता. उजव्या कडेचे दोन सुरुंग प्रत्येकी तीन जास्तीच्या घरांत धरले जात होते, फरक बरोबर सहाचा. नवा ६६ देतो. आता प्रत्येक डाव मांडला की हा ताळा आपोआप होतो, जुळला नाही तर डाव सुरूच होत नाही.

पुढची अडचण. शून्याचं घर उघडलं की आजूबाजूची उघडायला फंक्शन स्वतःलाच बोलावतं. ९×९ ला चालतं. हौसेने ५०×५० केला, सुरुंग थोडेच ठेवले, तर ‘मॅक्सिमम रिकर्शन डेप्थ’ म्हणून थांबतो.

जुनी_डिस्केट

बेरजेचा ताळा मी उचलणार.

पायथन फंक्शनला एकात एक सहसा १००० वेळांपर्यंतच बोलावू देतो. ५०×५० म्हणजे २५०० घरं, एक साखळी लांबली की मर्यादा संपते. मर्यादा वाढवता येते, पण वाढवू नका. एक साधी लिस्ट घ्या. पहिलं घर तिच्यात टाका. लिस्ट रिकामी होईपर्यंत शेवटून एक काढा. त्याचा आकडा ० असेल तर न उघडलेले शेजारी आत टाका. आकडा १ किंवा जास्त असेल तर ते घर नुसतं दाखवा, पुढे पसरू नका.

‘उघडलं’ अशी खूण लिस्टमध्ये टाकतानाच करा. काढताना केलीत तर एकच घर अनेक शेजाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा आत येईल.

तुम्ही पट्टी घेतलीत म्हणून सांगतो: पट्टीतल्या घरांना सुरुवातीलाच ‘उघडलेलं’ ठरवून टाका. तिथे ० आहे, त्यामुळे पसरणं पट्टीतून पलीकडे जाईल आणि -१ चं जुनं दुखणं परत येईल.

पहिल्या क्लिकला सुरुंग नको असेल तर सुरुंग क्लिकनंतर पेरा. जुन्या विंडोजमध्ये तो सुरुंग उचलून वरच्या डाव्या कोपऱ्याकडच्या रिकाम्या घरात जायचा, पण त्याने फक्त जीव वाचतो, मोकळी जागा मिळेलच असं नाही. सँपलला यादी देताना क्लिकचं घर आणि त्याचे शेजारी वगळा. मध्ये क्लिक केलं तर ७२ घरं उरतात, कोपऱ्यात केलं तर ७७. दहा सुरुंगांना पुष्कळ. म्हणजे पहिलं घर नेहमी शून्याचंच निघतं.

आणि झेंडा (इथे सुरुंग असावा अशी खेळणाऱ्याची खूण) लावलेलं घर पसरताना उघडू नका. खेळणाऱ्याने चुकून लावला असेल तरी तो त्याचा त्याने काढायचा.