गायरानाची ४० एकर डिस्टिलरीला द्यायची का?

तेरणाकाठ:
येत्या ग्रामसभेत विषय आलाय. गावच्या गायरानातली ४० एकर एका खासगी डिस्टिलरीला देण्यास हरकत नाही, असा ठराव. आमचं गाव लातूर-धाराशिवच्या शिवेवर. मळीपासून रोज ३० हजार लिटर अल्कोहोल काढणार म्हणायलेत.

माझा विरोध आहे. गायरान गावाच्या वरच्या अंगाला, त्याखाली पाझर तलाव आणि तलावाखाली नळयोजनेची विहीर. मळीच्या एक लिटर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश, म्हणजे मागं उरलेलं सांडपाणी, निघतो. म्हणजे रोज जवळपास अडीच ते साडेचार लाख लिटर घाण पाणी, आणि ते आपल्या पिण्याच्या पाण्याच्या डोक्यावर.

दुसरं, गायरानावर जगतं कोण? ज्यांच्या नावावर गुंठाभर नाही ते. आमच्या गल्लीतली एक मावशी चार शेळ्यांवर घर चालवते. वैशाखात बाभळीच्या शेंगा झोडपून पदरात भरून आणते, त्यावर शेळ्या तगतात. तिनं मग शेळ्या कुठं न्यायच्या?

चाकणला कामाला:
दादा, तुमचं विहिरीचं म्हणणं मान्य. पण माझंही ऐका. आमच्या वयाची गावात किती पोरं उरलीत? मी एका खोलीत पाच जणांत राहतो. माझे चुलते दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, लेकरांची शाळा बुडते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, त्या साली आम्ही शेतीत काय कमावलं? पन्नास जणांना जरी गावात पगार मिळाला तरी मला तो हवाय. दरवेळी कारखान्याला नाही म्हणायचं आणि पोरं पुण्याला धाडायची, हे किती दिवस?

विहीर गेलेली:
आमच्या गावाशेजारी असाच कारखाना आहे. नाव घेत नाही. तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात त्यांची साठवण फुटली. सकाळी मोटर चालू केली तर पाइपातून चहासारखं तांबडं पाणी, वर फेस, गुळाच्या काकवी सडल्यासारखा वास. बैलानं तोंड लावलं नाही. पंचनामा झाला, पाण्याच्या बाटल्या भरून नेल्या. पण विहीर आधी चांगली होती याचा कागद दाखवा म्हणाले. तो कुणाकडं असतो? आपला काळा पाषाण भेगांचा आहे, एकदा भेगेत उतरलेलं पाणी कुठल्या विहिरीत निघेल याचा नेम नाही. माझी मोसंबी गेली. त्या विहिरीचं आजही पीत नाही आम्ही.

बॉयलरवाला:
मी डिस्टिलरीत नोकरी करतो. सगळे कारखाने एका मापानं मोजू नका. आता स्पेंटवॉश आटवून बॉयलरमध्ये जाळतात, बाहेर थेंब सोडायची परवानगीच नसते. मीटर थेट प्रदूषण मंडळाला जोडलेले असतात. यंत्रणा नीट चालवली तर तलावाला काही होत नाही, हे मी रोज बघतो.

तेरणाकाठ:
भाऊ, "नीट चालवली तर" हेच तर. बॉयलर दुरुस्तीला बंद पडला की साठा लगुनमध्येच, म्हणजे उघड्या साठवण तळ्यातच, राहतो ना? कच्च्या स्पेंटवॉशचा बीओडी, म्हणजे ती घाण कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खाते त्याचं माप, लिटरला ४० हजार मिलिग्रॅमच्या वर असतो, नदीत सोडायच्या पाण्याला मर्यादा आहे ३०. एक रात्र चुकली तरी तलाव गेला. संभाजीनगरची सुखना नदी चिकलठाणा एमआयडीसीच्या खाली काय झाली ते बघून या. तिथंही नियम होतेच.

आंबेडकरनगर:
मी पण विरोधात आहे, पण मनातलं बोलतो. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या १९६४-६५च्या भूमिहीन सत्याग्रहात माझे आजोबा जेलात गेले. त्याच गायरानात आमची चार एकर ज्वारी आहे. १४ एप्रिल १९९० आधीचा कब्जा नियमित करायचा शासन निर्णय आहे, तरी सातबारा अजून आमच्या नावावर नाही. आमच्या उभ्या ज्वारीत गावानं जनावरं सोडली होती, तेव्हा "गायरान गावाचं" असंच म्हणत होते. मग विरोधाच्या ठरावात आमच्या कसणाऱ्या कुटुंबांची नावं घाला. तरच आमचे हात वर येतील.

तेरणाकाठ:
जनावरं सोडली त्यात आमच्या घरचीही होती. चूक होती ती. नावं घालू, मसुदा तुमच्या वस्तीत बसूनच लिहू.

निवृत्त तलाठी:
ग्रामपंचायत गायरान विकू शकत नाही. जमीन शासनाची, देखरेख पंचायतीची. जमीन महसूल संहितेचं कलम २२-अ गायरान दुसरीकडं वळवायला मनाई करतं, अपवाद मोजके आहेत. गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायच्या सुप्रीम कोर्टाच्या जानेवारी २०११ च्या निकालानंतर १२ जुलै २०११ चा शासन निर्णयही आहे. म्हणूनच त्यांना तुमचा ठराव हवाय. फाइलला तो जोडला की गावाची संमती दिसते. कोऱ्या हजेरीवर सह्या करू नका, ठराव वाचून झाल्यावरच करा. आणि ठराव काहीही होवो, शिवारातल्या विहिरींचं पाणी आत्ताच प्रयोगशाळेत तपासून अहवाल जपून ठेवा. वरच्या विहीरवाल्या भाऊंकडं तोच कागद नव्हता.

चाकणला कामाला:
उताराच्या खालच्या अंगाला, खासगी जमीन बाजारभावानं घेऊन कुणी कारखाना काढला तर? तेव्हा तरी माझ्या बाजूनं उभे राहाल का?

तेरणाकाठ:
गायरान सोडून आणि विहिरीपासून लांब असेल तर राहीन. दूषित पाण्याचा धंदा नसला तर पहिला हात माझा. डाळमिल काढा, सोयाबीनचा प्रक्रिया उद्योग काढा, आपल्या भागात माल काय कमी आहे? पण त्यासाठी कुणी पैसे लावायला तयार होत नाही, गायरान फुकटात मिळतंय म्हणून हे आलेत. ग्रामसभेला सुट्टी टाकून ये. तुझं पोरांचं म्हणणं तूच उभं राहून मांड, माझ्या तोंडून ते निघायचं नाही.