मदत हवी आहे: तीन लाइन असूनही सीटी स्कॅन अर्ध्यात तुटतो

नमस्कार मंडळी,

कोकणात घाटाच्या पायथ्याशी एका छोट्या रुग्णालयाचं नेटवर्क मी सांभाळते. सीटी मशीन आमच्याकडे आहे, रेडिओलॉजिस्ट पुण्यात. रात्री २ वाजता अपघाताचा पेशंट आला की शेकडो प्रतिमा तिकडे पाठवायच्या आणि रिपोर्टची वाट बघायची. डोक्याला मार असेल तर एकेक मिनिट जड जातं.

दोन कंपन्यांचे फायबर आहेत, शिवाय ४जीचा राउटर. मायक्रोटिक राउटरवर फेलओव्हर लावलाय, म्हणजे एक लाइन गेली की दुसरी आपोआप चालू. पावसाळ्याच्या सुरुवातीला फांदी पडली आणि दोन्ही फायबर एकदम गेले. बघते तर दोन्ही केबली एकाच विजेच्या खांबावरून आलेल्या! दुसरी आता मागच्या गल्लीतून फिरवून घेतली आहे.

मग आणखी एक चूक सापडली. लाइन जिवंत आहे का बघायला राउटर फक्त गेटवेला, म्हणजे पुढच्या पहिल्या टप्प्याला, पिंग करायचा (हाक मारून उत्तराची वाट बघायचा), आणि गेटवे म्हणजे आमच्याच भिंतीवरचा ओएनटी, फायबर जिथे येऊन संपते तो डबा. पुढे केबल तुटली तरी तो बिचारा उत्तर देतच राहायचा. आता रिकर्सिव्ह रूट करून, म्हणजे गेटवेच्या पलीकडचे, इंटरनेटवरचे ८.८.८.८ आणि १.१.१.१ हे पत्ते तपासते. पिंग दर १० सेकंदांनी, दोनदा उत्तर नाही आलं की लाइन बदलते.

अडलंय ते इथे. लाइन बदलली की आयपी (आमचा इंटरनेटवरचा पत्ता) बदलतो आणि चालू टीसीपी जोडणी, जिच्यावरून प्रतिमा जात असतात ती, मरते. परवा निम्म्याहून जास्त प्रतिमा गेल्यावर तुटलं, सगळं पहिल्यापासून पाठवावं लागलं. एमपीटीसीपीमध्ये एकच जोडणी अनेक वाटांनी चालते, लिनक्स कर्नलमध्ये ते २०२० पासून, ५.६ आवृत्तीपासून आहे. पण ते दोन्ही टोकांना लागतं आणि पुण्याचा सर्व्हर आपल्या हातात नाही. मुंबईत व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेऊन, त्यालाच दुसरं टोक करून, ओपनएमपीटीसीपीराउटर हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर कुणी चालवलंय का? ४जीचा पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) फायबरच्या कितीतरी पट आहे. तो मिसळला तर फायबरही रखडेल का? सिम सीजीनॅटमागे आहे (अनेक ग्राहकांना मिळून एकच पत्ता, त्यामुळे बाहेरून थेट आमच्यापर्यंत येता येत नाही), ते चालेल?

प्रतिसाद

ताई, सीजीनॅटची काळजी नको, जोडणी तुमच्याकडून व्हीपीएसकडे उघडते. ४जीला एमपीटीसीपीत बॅकअप म्हणून ठेवा, फायबर जिवंत असेपर्यंत त्यावर डेटा जाणार नाही. सरसकट मिसळलंत तर मात्र हळू वाटेची पाकिटं मागे राहतात आणि समोरचं टोक ताटकळतं. व्हीपीएस बंद पडला तर थेट बाहेर जाणारा रूट तयार ठेवा, नाहीतर खांब मुंबईला हलवल्यासारखं होईल.

पण त्याआधी रुग्णालयातच एका छोट्या मशीनवर ऑर्थंक (स्कॅनच्या प्रतिमा साठवून पुढे पाठवणारं सॉफ्टवेअर) बसवा. सीटी ऑर्थंककडे प्रतिमा टाकून मोकळं होतं. पुढे ऑर्थंकमध्ये लुआ भाषेतल्या छोट्या स्क्रिप्टने एकेक प्रतिमा वेगळी पाठवता येते. तुटलं तर अडकलेल्याच परत पाठवायच्या.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. ऑर्थंकचा विचारच केला नव्हता, आधी तेच करते. रविवारी ओपीडी बंद असते. एखादा जुना स्कॅन पाठवायला लावून मधेच पहिली केबल उपटते आणि काय होतं ते इथेच कळवते.