‘टेस्ट्स स्वीट’ की ‘टेस्ट्स स्वीटली’?

प्रश्न
माझी मुलगी मराठी माध्यमातून आठवीत शिकते. तिने वहीत ‘द मँगो टेस्ट्स स्वीटली’ असे लिहिले आणि बाईंनी ‘स्वीटली’ खोडून ‘स्वीट’ केले. क्रियापदाविषयी अधिक माहिती देणारा शब्द क्रियाविशेषण असतो आणि इंग्रजीत तो बहुधा ‘ली’ने संपतो, असे ती शिकली आहे, मग ‘टेस्ट्स’नंतर विशेषण कसे चालते, या तिच्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. कृपया कारण समजावून सांगावे.

उत्तर १
मुलीची शंका रास्त आहे. ‘स्वीट’ हा शब्द क्रियापदाला लागून आला असला, तरी तो गोडी आंब्याची सांगतो, चाखण्याची नव्हे. ‘मुलगा हुशार आहे’ या वाक्यातील ‘हुशार’ला आपण विधिविशेषण म्हणतो, तसेच हे आहे.

खरा घोटाळा क्रियापदांमुळे होतो. मराठीत ‘दिसणे’ आणि ‘पाहणे’, ‘चव लागणे’ आणि ‘चाखणे’, ‘वास येणे’ आणि ‘हुंगणे’ अशी वेगवेगळी क्रियापदे आहेत. इंग्रजीत मात्र ‘लुक’, ‘टेस्ट’ आणि ‘स्मेल’ ही एकेकटी क्रियापदे दोन्ही कामे करतात. म्हणून आधी वाक्याचा मराठी अर्थ मनात आणावा. ‘द टीचर लुक्ड अँग्री’ म्हणजे शिक्षक रागावलेले दिसले, म्हणून येथे विशेषण येते. ‘द टीचर लुक्ड अँग्रिली ॲट द बॉय’ म्हणजे शिक्षकांनी मुलाकडे रागाने पाहिले, म्हणून येथे क्रियाविशेषण येते.

उत्तर २
वरील उत्तराला एक जोड देतो. क्रियापदाच्या जागी ‘इज’ किंवा ‘आर’ घालून पाहावे. ‘द मँगो इज स्वीट’ हे वाक्य मूळ अर्थाच्या जवळ राहते, म्हणून विशेषण योग्य. ‘द लीव्ह्ज टर्न्ड येलो’ यालाही हीच कसोटी लागू पडते. मराठीतही ‘आंबा पिवळा दिसतो’, ‘कैरी हिरवी दिसते’ असे विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते, यावरून ते कोणाविषयी बोलते हे कळते.

उत्तर ३
लिंगाच्या खुणेवर विसंबू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ‘तो चांगला गातो’, ‘ती चांगली गाते’ या वाक्यांत ‘चांगला’ गाण्याची रीत सांगतो, तरीही कर्त्याप्रमाणे बदलतो. माझे अनेक विद्यार्थी याच सवयीने ‘शी सिंग्ज गुड’ लिहितात, तेथे ‘वेल’ हवे. ‘इज’ची कसोटीही अर्थ सांभाळूनच वापरावी, कारण ‘शी इज गुड’ हे वाक्य शुद्ध असले, तरी त्यात गाणे उरतच नाही.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘दिसणे’ आणि ‘पाहणे’ यांतील भेद मुलीला लगेच उमगला. आता ती विचारते, की ‘द गार्डन लुक्स लव्हली’ यात ‘ली’ असूनही वाक्य बरोबर कसे?

उत्तर ३
‘ली’ कशाला जोडला आहे ते पाहावे. ‘स्लो’, ‘अँग्री’ अशा विशेषणांना तो लागला, की सहसा क्रियाविशेषण तयार होते. ‘लव्ह’, ‘फ्रेंड’, ‘कॉस्ट’ अशा नामांना लागला, की बहुधा विशेषण तयार होते. ‘लव्हली’ हे विशेषण असल्यामुळे ‘बाग सुंदर दिसते’ या अर्थाने तिचे वाक्य अचूक आहे.