मदत हवी आहे: एडीएम-१ मध्ये कोबाल्ट-निकेल जोडताच मिथेन पहिल्याच दिवशी शून्य

धागाकर्ता

हॉटेल-मेसच्या खरकट्यावर चालणाऱ्या डायजेस्टरचं (बायोगॅस टाकीचं) मॉडेल एडीएम-१ मध्ये, म्हणजे अशा टाकीतल्या प्रक्रियांच्या प्रचलित गणिती मॉडेलमध्ये, करतोय. टाकी ६० घनमीटर, रोज १.२ टन खरकटं, म्हणजे माल टाकीत राहतो तो मुक्काम ५० दिवसांचा. तापमान ३७ अंश, पीएच ७.८, अमोनिया-नायट्रोजन ४.२ ग्रॅम/लिटर. विरजण (सुरुवातीला जिवाणूंसाठी घातलेला माल) शेणाच्या स्लरीचं. शंभर दिवस सगळं सुरळीत होतं. ११० व्या दिवसापासून प्रोपिओनिक आम्ल चढायला लागलं आणि ३०० वरून ३,८०० मिग्रॅ/लिटरवर गेलं. रोजचा भरणा मात्र तोच होता.

मूळ एडीएम-१ (२००२) मध्ये गंधकही नाही आणि धातूही नाहीत. म्हणून सल्फाइड आणि जिवाणूंना लागणारे लोह, कोबाल्ट व निकेल मी जोडले. प्रत्येक धातूच्या मुक्त आयनावर मोनोड पद (धातू कमी तसा वाढीचा वेग कमी करणारा ० ते १ मधला गुणक) लावून तिन्ही पदांचा गुणाकार घेतला. धातू-सल्फाइडचे विद्राव्यता गुणाकार एका हस्तपुस्तकातले, बायसल्फाइडचा पीके (हायड्रोजन सोडून सल्फाइड होण्याचा स्थिरांक) १२.९, फ्रीक-सी या जलरसायन सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमधला. समीकरणं सोडवणारा सॉल्व्हर मॅटलॅबचा ओडीई१५एस.

मुक्त कोबाल्ट १०^-१५ मोलरच्या खाली जातो आणि मिथेन लगेच बंद पडतो. मोनोडचा अर्धस्थिरांक (ज्या प्रमाणाला वेग निम्मा होतो तो) कमी केला की धातूच्या टंचाईची मर्यादा कधीच लागत नाही. मधलं काही मिळतच नाही. चूक कुठे असेल?

प्रतिसाद १

चुका तीन-चार आहेत, आणि एक सुधारली तरी दुसरी तिला झाकते. म्हणून याच क्रमाने जा.

आधी पीके. सल्फाइडचा दुसरा पीके एका डेटाबेसमध्ये १२.९, तर मिंटेक या दुसऱ्या डेटाबेसमध्ये १७ च्या वर. ज्या पीकेवर विद्राव्यता गुणाकार काढलाय तो एक आणि तुम्ही वापरलेला दुसरा, असं झालं की मुक्त धातू चार-चार घातांनी चुकतो. दोन ऋणभारांचा सल्फाइड आयन मॉडेलमधून काढूनच टाका. अभिक्रिया बायसल्फाइड आणि हायड्रोजन आयनावर लिहा, आणि सगळे स्थिरांक एकाच डेटाबेसमधून घ्या. मग हाताने पडताळा: मॅकिनावाइटचा (लोह सल्फाइडच्या खनिजाचा) लॉग के, म्हणजे समतोल स्थिरांकाचा लॉग, उणे ३.६, पीएच ७.८, बायसल्फाइड १ मिलिमोलर. मुक्त लोह १०^-८.४ मोलर यायला हवं. तुमच्या कोडमधून हाच आकडा येईपर्यंत पुढे जाऊ नका.

दुसरं, सहनसीमा, म्हणजे सॉल्व्हर चालवून घेतो ती चूक. ओडीई१५एसची निरपेक्ष सहनसीमा न सांगता १०^-६ असते. एडीएम-१ ची एककं किलोमोल प्रति घनमीटर. ०.२ मिग्रॅ/लिटर एकूण कोबाल्ट म्हणजे ३.४ × १०^-६. सॉल्व्हरला तो जवळजवळ शून्यच दिसतो! प्रत्येक चलाला वेगळी सहनसीमा द्या. अवस्था-चल (सॉल्व्हर काळानुसार पुढे नेतो ती राशी) म्हणून फक्त एकूण धातू ठेवा. मुक्त आयन समतोलातून, लॉगरिदममध्ये न्यूटन पद्धतीने सोडवा.

तिसरं, मोनोड पद मुक्त आयनावर नको. जिवाणूंना कार्बोनेट, आम्लं, अमिनो आम्लं यांच्याशी सैल बांधलेला धातूही मिळतो. तेव्हा मुक्त अधिक सैल बांधलेला, असा एक साठा धरा. ईडीटीए (धातू धरून विरघळलेला ठेवणारं रसायन) घालणार असाल तर कॅल्शियमची स्पर्धा विसरू नका: लॉग के कोबाल्टला १६.३, कॅल्शियमला १०.७, पण कॅल्शियम हजारो पटींनी जास्त असतं.

गुणाकाराऐवजी सगळ्यात लहान पद घ्या. तिन्ही पदं ०.७ असली तर गुणाकार ०.३४ येतो, तेवढी टंचाई प्रत्यक्षात नसते.

आणि ११० वा दिवस. शेणाच्या स्लरीतले धातू टाकीतून वाहून जात असतात. ११० दिवसांनी, ५० दिवसांच्या मुक्कामात, सुरुवातीच्या साठ्याचे जेमतेम ११ टक्के उरतात. सुरुवातीच्या अटीत विरजणातला एकूण धातू, घन भागासकट, घातलाय का? भरणा तोच असताना टाकी अचानक का बिघडते, त्याचं उत्तर बहुतेक इथेच आहे.

धागाकर्ता

मनापासून आभार. विरजणातला धातू शून्य धरला होता. आता मर्यादा साधारण १२० व्या दिवशी लागते. पण टाकीत चार आठवडे कोबाल्ट घालूनही प्रोपिओनिक हलत नाही, मॉडेलमध्ये मात्र उतरतं.

प्रतिसाद २

मॉडेलमध्ये सेलेनियम नाही ना? एवढ्या अमोनियात अॅसिटेट थेट मिथेनकडे न जाता बरंचसं ऑक्सिडीकरणाने हायड्रोजन आणि फॉर्मेटकडे वळतं. हा मार्ग एडीएम-१ मध्ये नाही, तो जोडावा लागेल. फॉर्मेट तोडणाऱ्या फॉर्मेट डीहायड्रोजिनेज या विकराला सेलेनियम आणि मॉलिब्डेनम किंवा टंगस्टन लागतं. सेलेनियमला धातूंच्या सल्फाइड-समीकरणात कोंबू नका. ते सेलेनाइटच्या रूपात येतं आणि क्षपण होऊन मूलद्रव्यात बदलतं, म्हणून त्याला वेगळी गती द्या.

खरकट्यासाठी मध्यम भाराला सेलेनियम ०.१६ आणि कोबाल्ट ०.२२ मिग्रॅ/किलो भरणा हे आकडे वापरात आहेत. तुमच्या १,२०० किलोला रोज सोडियम सेलेनाइट ०.४२ ग्रॅम आणि सहा-पाण्याचं कोबाल्ट क्लोराइड १.०७ ग्रॅम. सेलेनियम १.५ मिग्रॅ/किलोच्या वर विषारी ठरू शकतं, म्हणून वजन मिलिग्रॅमच्या काट्यावर करा. हातमोजे आणि मास्क सक्तीचे. स्लरी शेतात जाते, हेही लक्षात ठेवा.

टाकीत ओतण्याआधी बाटल्या लावा: टाकीतली स्लरी, प्रोपिओनेट २ ग्रॅम/लिटर, ३७ अंश. नुसती, कोबाल्टची, सेलेनियमची आणि दोन्हींची, प्रत्येकी तीन. दर दोन दिवसांनी प्रोपिओनिक मोजा. फक्त सेलेनियमच्या आणि दोन्हींच्या बाटल्या खाली आल्या तर मर्यादा सेलेनियमचीच. चारही तशाच राहिल्या तर अमोनियाचा अडसर आधी बघा.