कॅम्परव्हॅनचा टप गॅरेजच्या दाराला टेकतो : दार बदलावे, उतार खोदावा की कारपोर्ट बांधावा?

नमस्कार.

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ राहतो. घर १९७० च्या दशकातील असून त्याला लागूनच एका गाडीचे गॅरेज आहे. गेल्या महिन्यात आम्ही फोक्सवॅगनच्या टी-६ पिढीतील कॅलिफोर्निया ही वापरलेली कॅम्परव्हॅन घेतली. गाडी ठरवण्यापूर्वी मी गॅरेजची मापे तीनदा घेतली होती आणि ती गाडीच्या मापांशी ताडूनही पाहिली होती. तरीही गाडी आत जात नाही. कारण आता माझ्या ध्यानात आले आहे, पण उपाय निवडताना मन ठाम होत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

कंपनीच्या माहितीपत्रकात या गाडीची उंची १,९९० मिलिमीटर दिलेली आहे. मी रिकाम्या गाडीच्या टपावर सरळ फळी आडवी ठेवून जमिनीपासून मोजले तेव्हा ती २,००० भरली. गॅरेजच्या फरशीपासून लिंटेलच्या (दारावरच्या आडव्या तुळईच्या) खालच्या कडेपर्यंत २,२०० मिमी अंतर आहे, परंतु लाकडी चौकटीची वरची पट्टी त्यातले ६५ मिमी घेते, आणि आमचे दार एकसंध पत्र्याचे, वर उचलून आत सरकवण्याचे असल्यामुळे उघडल्यावरही त्याची कड चौकटीखाली ८० मिमी लोंबत राहते. म्हणजे गाडीला प्रत्यक्ष मिळणारी उंची २,०५५ मिमी. कागदावर ५५ मिमी शिल्लक राहत होते आणि तेवढे मला पुरेसे वाटले.

पहिल्या दिवशी पत्नी दाराशी उभी राहून खुणा करत होती. पुढची चाके आत गेली, टपाचा पुढचा भागही सुखरूप गेला, आणि गाडी अर्धी आत असताना ती ओरडली. टपाचा मधला भाग दाराच्या कडेला टेकला होता. गाडी मागे घेतली, वळवून उलटी आत घालून पाहिली, तरी मध्यावर तेच झाले. टपावर एक बारीक ओरखडा आला आहे, पण त्याविषयी आमच्या घरी आता बोलायचे नाही असे ठरले आहे.

दोष उताराचा होता. आमचे घर रस्त्यापेक्षा खाली आहे, आणि रस्त्यापासून गॅरेजपर्यंतच्या सहा मीटरच्या वाटेत जमीन अर्धा मीटर उतरते, म्हणजे बारास एक असा उतार थेट दारापाशी येऊन संपतो. (हा फरक मी पारदर्शक नळीत पाणी भरून मोजला. गावाकडचे गवंडी जसे करतात तसे करताना शेजारी कुंपणावरून बराच वेळ पाहत होते.) पुढची चाके सपाट फरशीवर आणि मागची अजून उतारावर असतात, तेव्हा गाडी त्या खोलगट कोपऱ्यावर पुलासारखी आडवी पडते आणि तिचा मधला भाग जमिनीपासून नेहमीपेक्षा वर उचलला जातो. या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये ३ मीटर अंतर आहे. गाडी बरोबर मध्यावर असताना ही उचल सर्वांत जास्त, म्हणजे उताराच्या प्रमाणाला चाकांतील अंतराने गुणून चारने भागल्याइतकी असते. ३,००० भागिले १२, भागिले ४, म्हणजे साधारण ६३ मिमी. शिल्लक ५५ आणि उचल ६३, तेव्हा आठ मिलिमीटरला आम्ही अडकलो. रस्त्याची पातळी घराखाली असती, तर चढाच्या माथ्यावर टप उलट थोडा खाली राहिला असता आणि गाडी विनातक्रार आत गेली असती.

रुंदीची आणि लांबीची तक्रार नाही. गाडी १,९०४ मिमी रुंद आहे, दार २,१३४, आणि आरसे मिटून ती बेताने जाते. आतली लांबी ५.४ मीटर असल्यामुळे मागे माणूस कसाबसा फिरू शकतो.

आतापर्यंत सुचलेले उपाय असे. गाडीच्या स्प्रिंगा बदलून ती ३०-४० मिमी खाली बसवावी, असे एका मित्राने सुचवले, पण मग रस्त्याकडच्या माथ्यावर गाडीचे पोट घासेल, म्हणून तो विचार मी सोडून दिला. लिंटेल वर उचलायचा तर ती भार पेलणारी भिंत आहे, इमारत-नियमांची मंजुरी आणि अभियंत्याचे गणित दोन्ही लागेल, आणि त्या वाटेने जाण्याची माझी तयारी नाही. तिसरा मार्ग घराच्या बाजूच्या जागेत, घराला न जोडता, दोन्ही बाजूंनी मोकळा कारपोर्ट, म्हणजे गाडीपुरते छप्पर, उभारण्याचा. तो ३० चौरस मीटरच्या आत असल्यास इमारत-नियमांतून सुटतो, पण कुंपणापासून दोन मीटरच्या आत येत असल्यामुळे नियोजन-परवानगीविना त्याची उंची २.५ मीटरपेक्षा जास्त ठेवता येणार नाही. गाडीला ती पुरते. या गाडीचा टप तंबूसारखा वर उघडतो, तो मात्र त्याखाली वर करता येणार नाही, आणि पावसात भिजलेले त्याचे कापड एक-दोन दिवसांत वाळवले नाही तर त्याला बुरशी धरते. इथल्या हवेत हा मुद्दा किरकोळ नाही.

दार बदलून काम भागेल काय? दोन पाखांचे, बाहेर उघडणारे लाकडी दार मला आवडते. कुणाला अशा उताराचा अनुभव असल्यास कृपया सांगावे.

प्रतिसाद

बाहेर उघडणारी पाखे घेऊ नका. तुमच्या दारासमोरची जमीन दारापासून दूर जाताना चढत जाते, त्यामुळे पाखांचा खालचा कोपरा उताराला अडेल, आणि तो अडू नये म्हणून खालून कापला तर गॅरेजात वारा आणि पाने येतील. आमच्याकडे पहिल्या मालकाने हीच चूक केलेली होती. लिंटेलच्या मागे, आतल्या बाजूला बसणारे रोलर शटर घ्या आणि जुनी चौकट काढून टाका. मग २,२०० पूर्ण मिळतील, आणि गाडी व उचल वजा जाता तुमच्याकडे १३७ मिमी उरतील. अट एकच. शटर गुंडाळले जाते त्या पेटीला प्रकारानुसार साधारण २०० ते ३०० मिमी जागा लागते, तेव्हा लिंटेलची खालची कड आणि आतले छत यांतले अंतर आधी मोजा. ते कमी असेल, तर पेटी दारात लोंबेल आणि आज जे दार करते तेच उद्या पेटी करील.

दार बदलायचे नसेल, तर दारासमोरचा शेवटचा एक मीटर फरशीच्या पातळीपर्यंत खोदून सपाट करता येतो. वरचा उरलेला उतार त्यामुळे दहास एक होतो, तरीही खोलगट कोपरा दारापासून दूर गेल्याने लिंटेलखालची उचल ६३ वरून सुमारे ३३ वर येते. खोदाई सर्वांत खोल जागीही ८५ मिमीच्या आत राहते. मातीची भर घालायची नसल्यामुळे भिंतीतल्या डीपीसीला (जमिनीची ओल वर चढू न देणाऱ्या थराला) धोका नाही, पण पाण्याची सोय आधी पाहा.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. पाखांचा कोपरा अडेल हे माझ्या डोक्यात आलेच नव्हते. आज लिंटेल आणि छत यांतले अंतर मोजले, ते २४० मिमी आहे, म्हणजे लहान पेटीचे शटर बसेल आणि मोठे बसणार नाही. खोदाईचा विचार तूर्त बाजूला ठेवतो, कारण दारासमोर जाळी झाकलेला पाण्याचा चर आहे आणि सगळ्या उताराचे पाणी तोच ओढून नेतो. एक शंका उरते. शटरच्या बाजूच्या पट्ट्या भिंतीच्या आत बसवल्या, तर चौकट काढल्यावर रुंदीतही थोडी वाढ मिळावी, पण आमच्या उजव्या भिंतीला लागूनच विजेचा मीटर आहे. तो न हलवता पट्टी बसवलेली कुणी पाहिली आहे काय?