मदत हवी आहे: मुलांच्या लिनक्सवर सगळं सॉफ्टवेअर एका फटक्यात कसं टाकायचं?

खडूफळा:
नमस्कार मंडळी, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतो. मुलांच्या मशीनवर नमपाय, मॅटप्लॉटलिब (पायथनच्या आकडेमोडीच्या आणि आलेखांच्या लायब्ररी), ऑक्टेव्ह (गणिताचं सॉफ्टवेअर) आणि अर्डुइनो (बोर्डवर कोड चढवायचं सॉफ्टवेअर) एवढंच हवंय पण प्रत्येकाला वेगळीच एरर, कुणाला ४०४ (फाइल सापडत नाही), कुणाचं पिप (पायथनच्या लायब्ररी टाकायचं टूल) चालत नाही, नि प्रॅक्टिकलचा सगळा वेळ त्यातच जातो. एका कमांडमध्ये होईल असं काहीतरी सांगा. सोमवारी बॅच आहे. गुगल करून झालंय.

टर्मिनलवाला:
डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) कोणती? व्हर्जन? एरर जशी आली तशी चिकटवा. ‘पिप चालत नाही’ यावरून काय कळणार?

खडूफळा:
उबुंटू. लेटेस्टच आहे.

मिंटप्रेमी:
उबुंटू काढा, लिनक्स मिंट टाका. माझ्याकडे ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर मस्त पळतंय, मुलांना विंडोजसारखं वाटतं.

टर्मिनलवाला:
मिंट २२ उबुंटू २४.०४ वरच उभं आहे, पिप तिथंही तसंच अडेल. सर, सेटिंग्जमध्ये अबाउट उघडून व्हर्जन बघा.

खडूफळा:
काहींचं २३.१०, काहींचं २४.०४. बऱ्याच जणांनी सीनियर मुलांच्या पेनड्राइव्हवरून टाकलंय. पिपची एरर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायरन्मेंट’.

टर्मिनलवाला:
मग ही दोन वेगळी दुखणी आहेत. २३.१० एलटीएस (दीर्घकाळ सपोर्टची आवृत्ती) नाही, त्याला ९ महिनेच सपोर्ट होता, जुलै २०२४ मध्ये संपला. नंतर पॅकेजेस नेहमीच्या सर्व्हरवरून काढून ओल्ड-रिलीजेस या वेगळ्या सर्व्हरवर ठेवतात, म्हणून ४०४. त्यांना बॅकअप घेऊन २४.०४ टाकायला लावा, २०२९ पर्यंत बघायला नको. आणि २४.०४ मध्ये पिप मुद्दाम अडवलंय, सिस्टिमचं पायथन बिघडू नये म्हणून. नमपाय, मॅटप्लॉटलिब, ऑक्टेव्ह तिन्ही ॲप्टनेच (उबुंटूचं स्वतःचं पॅकेज टाकायचं टूल) टाका, एका ओळीत होतं.

झटपट_उपाय:
पिपला ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस हा अडवणूक टाळायचा ऑप्शन लावा, दोन मिनिटांत काम.

टर्मिनलवाला:
कृपा करून हे मुलांना शिकवू नका!! सुडो (ॲडमिनचे अधिकार) लावून एखादी लायब्ररी बदलली गेली की उबुंटूची स्वतःची टूल्स बसतात, मग ते निस्तरायला सरच. पुढे वेगळ्या लायब्ररी लागल्या तर व्हेन्व (पायथनचं स्वतंत्र एन्व्हायरन्मेंट) करा.

फ्लॅटपॅकवाली:
सगळं फ्लॅटपॅकने (कुठल्याही लिनक्सवर चालणारी पॅकेजेस) का नाही करत? डिस्ट्रो कुठलीही असो, भानगडच नाही.

टर्मिनलवाला:
ताई, नमपाय फ्लॅटपॅकने कसं टाकणार? आणि नेट कमी असेल तर त्याचे रनटाइमच (ॲप चालायला लागणाऱ्या फाइल्स) केवढे मोठे.

शुद्धमराठी:
जरा वेगळं विचारतो, उबुंटूत इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा कीबोर्ड) कसं चालू करायचं?

फ्लॅटपॅकवाली:
सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्समध्ये मराठी जोडा. पण वेगळा धागा काढा की.

लॅबकाका:
सर, लॅबच्या एका पीसीवर ॲप्ट-कॅशर-एनजी टाका. पॅकेज एकदाच नेटवरून येतं, बाकी मशीनना लॅनवरून मिळतं. पोर्ट ३१४२. प्रत्येक मशीनच्या ॲप्टच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सीची (म्हणजे त्या पीसीच्या पत्त्याची) एक ओळ टाकली की झालं.

खडूफळा:
पण मशीन लॅबची नाहीत, मुलांचे स्वतःचे लॅपटॉप आहेत. वायफाय कॉलेजचं, सगळी बॅच एकदम डाउनलोडला बसली की रांगतं.

लॅबकाका:
हे आधी सांगायचंत ना! तरी चालेल, फक्त ती ओळ फाइलमध्ये लिहू नका, नाहीतर पोरगं घरी गेलं की त्याचं अपडेटच बंद. अपडेट आणि इन्स्टॉल दोन्ही कमांडना हायफन-ओ हा ऑप्शन लावून प्रॉक्सी द्या, तेवढ्यापुरतीच लागते. त्याची छोटी स्क्रिप्ट करून पेनड्राइव्हवर द्या. आणि लॅपटॉप चालू केल्या केल्या ‘लॉक मिळत नाही’ आलं तर मागे आपोआप अपग्रेड चाललेलं असतं, थांबायचं. नेटवर लॉकची फाइल डिलीट करा म्हणतात, ते अजिबात करू देऊ नका.

खडूफळा:
हे जमेल. उद्या २४.०४ चे पेनड्राइव्ह करतो, कॅशवालंही लावून बघतो. अर्डुइनो ॲप्टमधलं १.८ आहे, उनो बोर्डला चालेल ना?

लॅबकाका:
चालेल. मुलांना डायलआउट ग्रुपमध्ये (पोर्ट वापरायची परवानगी असलेला) घाला आणि लॉगआउट करून परत लॉगिन करायला लावा, नाहीतर बोर्डवर कोड चढवताना पोर्टला परमिशन डिनाइड येईल.