मदत हवी आहे: वडिलांचा एम्फिसीमा (फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या विरण्याचा आजार), फुप्फुसाची शस्त्रक्रिया करावी का?

वडील ६६ वर्षांचे. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत नोकरी झाली, विडी आठ महिन्यांपासून बंद. इन्हेलर नियमित. एफईव्ही-१ (जोरात श्वास सोडताना पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) अपेक्षेच्या २८ टक्के, डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू जाण्याची क्षमता) ३४ टक्के, आरव्ही (श्वास सोडल्यावरही आत उरणारी हवा) २१० टक्के. सीटीत वरच्या भागात एम्फिसीमा जास्त. अंघोळ करतानाही दम लागतो. पुण्याच्या डॉक्टरांनी फुप्फुसाचा खराब भाग काढायला सुचवलंय. खर्च आणि जोखीम पाहता करावी का?

प्रतिसाद १
आकडे पाहता शस्त्रक्रियेसाठी काकांचा विचार होऊ शकतो, पण आत्ता लगेच तारीख घेऊ नका. आधी ६ ते ८ आठवडे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम हवा. त्यानंतरही चालण्याची ताकद कमीच राहिली, तर शस्त्रक्रियेचा फायदा सर्वांत जास्त. अमेरिकेत याच शस्त्रक्रियेसाठी १,२१८ रुग्णांवर झालेल्या नेट (NETT) चाचणीत (निकाल २००३) वरच्या भागात आजार आणि ताकद कमी, अशा रुग्णांचं आयुष्यही वाढलं. ताकद चांगली असलेल्यांचा दम कमी झाला, आयुष्य वाढलं नाही. एफईव्ही-१ २० टक्के किंवा त्याखाली, आणि जोडीला डीएलसीओही तितकंच कमी किंवा आजार सगळीकडे सारखा पसरलेला, अशांमध्ये ३० दिवसांतच १६ टक्के दगावले. काका त्या गटात नाहीत. तरी बाकीच्यांतही ९० दिवसांत शंभरात पाचेक मृत्यू झाले, हे घरात सगळ्यांना स्पष्ट सांगा.

सर्वांत जास्त त्रास देते ती हवेची गळती. फुप्फुस इतकं विरलेलं असतं की टाक्यांच्या रेषेतून हवा झिरपत राहते. दहापैकी नऊ जणांना ती होते, कित्येकांची छातीतली नळी आठवडाभर निघत नाही. बिल फुगतं ते इथेच. म्हणून खर्चाचा अंदाज लेखी मागा आणि आयसीयूचे जादा दिवस धरून किती होतील ते विचारा. महात्मा फुले योजनेत हे ऑपरेशन बसतं का, हे त्याच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

प्रतिसाद २
एक गोष्ट राहिली. फाउंड्रीतली सिलिकाची धूळ आणि जुना टीबी, दोन्हींचे व्रण वरच्याच भागात पडतात. फुप्फुस छातीच्या आवरणाला चिकटलेलं असेल तर सोडवताना फाटतं, गळती वाढते. सीटीची सीडी रेडिओलॉजिस्टकडून याच प्रश्नासाठी पुन्हा पाहून घ्या.

धागाकर्ता
डॉक्टर व्हॉल्व्हबद्दलही (दुर्बिणीतून श्वासनलिकेत बसवायच्या एकेरी झडपा) बोलले होते. ते बरं पडेल का?

प्रतिसाद २
छाती उघडावी लागत नाही, जमत नसेल तर काढताही येतात. पण फुप्फुसाच्या दोन खंडांमधली फट सीटीत पूर्ण दिसायला हवी, नाहीतर शेजारच्या खंडातून हवा शिरते आणि व्हॉल्व्ह फुकट जातात. एका खंडाला तीन-चार लागतात, पैसे नगावर मोजतात. साधारण चारात एकाचं फुप्फुस पंक्चर होतं, बहुतेक पहिल्या तीन दिवसांत. त्यामुळे पुण्यात केलं तर डिस्चार्जनंतर लगेच कोल्हापूरची गाडी पकडू नका, आठवडाभर रुग्णालयाजवळच राहा. अचानक छातीत कळ आली किंवा दम वाढला, तर थेट तिथल्या अपघात विभागात.

दोन्हींपैकी काहीही करायचं ठरलं तरी आधी एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. रक्तात कार्बन डायऑक्साइड खूप वाढला असेल किंवा फुप्फुसाच्या धमनीत दाब जास्त असेल, तर सर्जन बहुधा नाहीच म्हणतील.